आपला ड्रायव्हर स्पितीला न्यावा का?

‘ताई, नमस्कार. आम्ही तीन जोडपी, सगळे साठीच्या आगेमागे. मी बँकेतून निवृत्त, बाकीचे दोघे शाळेत होते. गणपती झाल्यावर, सप्टेंबरअखेरीस हिमाचलात स्पितीला जायचं ठरलंय. एका मित्राचं म्हणणं, आपली गाडी आणि आपला नेहमीचा ड्रायव्हर घेऊनच जाऊ. ते पंचवीस वर्षं चोर्ला, आंबोली, अनमोड हे घाट करतात, आजवर गाडीला ओरखडा नाही. आम्ही त्यांना मामाच म्हणतो. दुसरा म्हणतो, तिथलीच भाड्याची गाडी घ्या. चंदीगडच्या एका एजंटनं टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्तात सांगितलीय, मनालीवरून जाऊन मनालीलाच परत, सहा दिवसांत. इकडे मामांच्या कानावर गेलंय आणि त्यांनी जाडं जाकीटसुद्धा घेतलंय. माझ्या मंडळींना बी.पी.ची गोळी चालू आहे. काय करावं? नाव छापू नये. – वडगावचा एक वाचक’

वडगावकर, नाव छापू नका म्हणालात, तेव्हा हेच चालवून घ्या.

जाकिटाचं वाचलं आणि पत्र खाली ठेवून आधी चहा टाकला. गाडी, रस्ता, गोळ्या ह्या सगळ्याला उत्तरं आहेत. जाकिटाचं अवघड आहे, ते शेवटी बघू.

मामांना गाडी चालवायला नेऊ नका. त्यांच्या हाताबद्दल मला काडीची शंका नाही. जुलैच्या धुक्यात कणकुंबीच्या पुढं जो माणूस मागचा दिवा बघून गाडी काढतो, त्याला ड्रायव्हिंग मी काय शिकवणार! पण आपला घाट आणि तो डोंगर ह्यांचं नातं फक्त वळणांपुरतं आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. आंबोलीही तेवढ्यातच. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई १,६४६ मीटर, कर्नाटकातलं मुळ्ळय्यनगिरी १,९३० च्या आसपास. म्हणजे आपल्या दोन्ही राज्यांचे कळस गाठले तरी शिमल्याची उंची येत नाही. ते २,२०० वर बसलंय. तुम्ही निघालात ते स्पितीतल्या मुख्य गावी, काझाला, ३,६५० मीटरच्या आसपास, आणि पुढं कुंझुम खिंड, साडेचार हजारांच्या वर. तिथं श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं साठ टक्क्यांच्याही खाली येतो. हे तुम्हाला लागणार तसं मामांनाही लागणार. तुमचं डोकं दुखलं तर तुम्ही मागच्या सीटवर डोळे मिटून पडाल. त्यांचं दुखलं तर? रात्रभर झोप न लागलेला, मळमळणारा माणूस सकाळी दरीच्या कडेनं सहा जणांना घेऊन निघणार, आणि तो आपला माणूस म्हणून ‘बरं नाही’ असं तोंडातून काढणार नाही. मला जास्त भीती ह्याची वाटते.

शिवाय तिथवर गाडी न्यायची म्हणजे शिमल्यापर्यंतच दोन हजारांवर किलोमीटर. खरा रस्ता सुरू व्हायच्या आधीच मामा चार दिवस चाकावर. त्यापेक्षा बेळगावला गोवा एक्सप्रेसमध्ये बसा, निजामुद्दीनला उतरा, पुढं कालक्याहून ती छोटी गाडी घ्या. १९०३ पासून धावतेय, रडतखडत पण चढते.

आता पाण्याचं. आपल्याकडं आभाळ भरलं की ओढा भरतो. तिथं उलट असतं. आभाळ निरभ्र असलं, ऊन कडक पडलं, की वर बर्फ वितळतं आणि दुपारपर्यंत नाला फुगतो. पहाटे ज्या पाण्यातून टायर निम्मा ओला होऊन गाडी सुटते, त्याच पाण्यात चार वाजता इंजिन बंद पडतं. कुंझुम उतरल्यावर बटल ते छत्रू ह्या पट्ट्यात रस्ता म्हणजे नदीनं आणून टाकलेले गोटे, आणि मध्येमध्ये असे नाले आडवे. कुठल्या नाल्यात कुठल्या बाजूनं चाक घालायचं, हे मागच्या आठवड्यात तिथून गेलेल्या माणसालाच ठाऊक असतं, कारण पुढच्या आठवड्यात पात्र सरकलेलं असतं. ही माहिती पंचवीस वर्षांच्या अनुभवानं येत नाही, परवाच्या फेरीनं येते.

मी हे बाहेरून बोलत नाही. आम्ही पाच जणी गेलो होतो तेव्हा असंच एका एजंटकडून स्वस्तात ठरवलं. गाडी हिमाचलची असेल असं आम्ही गृहीत धरलं, विचारलं कुणी? आलेला मुलगा मैदानातला, रामपूरच्या वर कधी गेलेला नव्हता. स्वभावानं सोन्यासारखा. नाकोला पोचेपर्यंत त्याचं डोकं ठणकायला लागलं, काझात त्याला ओकाऱ्या. दोन दिवस आम्हीच त्याला आल्याचा चहा आणि भात खाऊ घालत बसलो. तिसऱ्या दिवशी तिथल्याच एका चालकाला विनवून पुढची गाडी केली, पैसे दुप्पट गेले. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं कुठं निघालाय ते.

म्हणून स्वस्त टेम्पो ट्रॅव्हलरवाल्या तुमच्या एजंटला तीन गोष्टी विचारा. गाडी कुठल्या पासिंगची? ड्रायव्हर कुठल्या गावचा? आणि काझाला तो शेवटचा कधी गेला होता? ‘मॅडम, सब एक्सपर्ट हैं’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. रामपूर, रेकाँगपिओ, काझा असं गाव कानावर पडलं आणि तारीख ह्याच मोसमातली निघाली, तर पुढं बोला. टेम्पो ट्रॅव्हलर काझापर्यंत जातात, नाही असं नाही. पण त्या बटल-छत्रूच्या गोट्यांवर लांब आणि जड गाडीपेक्षा उंच तळाच्या दोन छोट्या गाड्या बऱ्या. एक अडकली तर दुसरी ओढते, कुणाला तातडीनं खाली न्यायची वेळ आली तर बाकीच्यांची सहल मोडत नाही. सहा जण एकाच गाडीत हसतखेळत जायची हौस मला कळते. तुम्ही रोज सकाळी माणसं बदला: आज दोन्ही वहिन्या पुढच्या गाडीत, उद्या तिघे पुरुष. नवराबायको आठ दिवस वेगळ्या गाडीत बसले तर संसारालाही बरं असतं.

मनालीवरून जाऊन मनालीलाच परत, हा बेत मात्र आजच फाडून टाका. मनाली दोन हजार मीटरवर. तिथून निघून, अटल बोगद्यातून रोहतांगची खिंड चुकवली तरी त्याच दिवशी कुंझुम ओलांडायची आणि रात्री काझात झोपायचं. म्हणजे एका दिवसात शरीराला दीड हजार मीटर वर नेऊन टाकायचं. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा साधा हिशेब आहे. शिमल्याहून किन्नौरकडून गेलात तर रस्ताच तो हिशेब पाळतो. पहिली रात्र शिमला किंवा नारकंडा. मग कल्पा, २,९६० मीटर, समोर किन्नौर कैलास, तिथं दोन रात्री काढा आणि सफरचंदं खा. सप्टेंबरात झाडं लगडलेली असतात. पुढं एजंट तुम्हाला नाकोला मुक्काम सांगतील, कारण तिथं तळं आहे आणि फोटो छान येतात. नाको ३,६६० च्या आसपास, कल्पाहून एकदम सातशे वर. तिथं जेवा, तळ्याला चक्कर मारा आणि संध्याकाळी खाली ताबोला उतरा, ३,२८० मीटर. ताबोचा मठ इ.स. ९९६ मधला, मातीच्या भिंतींच्या आत हजार वर्षांची चित्रं. आत अंधार असतो, फोटो काढू देत नाहीत, आणि तेच बरं आहे. मग काझा, तीन रात्री तरी. किब्बर, की, लांगझा, हिक्कीम हे सगळं दिवसा वर जाऊन बघायचं आणि रात्री काझात परत यायचं.

चंद्रताल शेवटी, आणि तोही अटीवर. तळं ४,२५० मीटरच्या वर. काठावर तंबू टाकायला बंदी आहे, कॅम्प काही किलोमीटर अलीकडं असतात. काझातल्या तिन्ही रात्री सहाही जणांना झोप लागली, जेवण गेलं, डोकं दुखलं नाही, तरच तिथं मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून मनालीला उतरा. एकालाही त्रास झाला तर आल्या वाटेनं किन्नौरातून परत फिरा. काझा ते मनाली साधारण दोनशे किलोमीटर आहे. बेळगाव-पुणे ह्याच्या दोनतृतीयांशाहूनही कमी. पण पुण्याला तुम्ही सहा तासांत पोचता आणि इथं पूर्ण दिवस जातो. सहा दिवसांत ह्यातलं काहीच बसत नाही. शिमल्यापासून मनालीपर्यंत दहा दिवस धरा, अकरावा राखून ठेवा.

वहिनींच्या बी.पी.बद्दल मी डॉक्टर होणार नाही. त्यांना घेऊन तुमच्या डॉक्टरांकडं जा आणि उंचीचे हे आकडे कागदावर लिहून न्या, नुसतं ‘हिमाचलला चाललोय’ म्हणाल तर ते शिमला धरतील. उंचीसाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी देतात, तिनं लघवी जास्त होते, बी.पी.च्या काही गोळ्यांनीही होते. म्हणून दोन्ही गोळ्या एकाच डॉक्टरांना दाखवायच्या, औषधाच्या दुकानातून परस्पर घ्यायची नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी कुणाला असेल तर तेही सांगा. एक मात्र सहाही जणांनी पाठ करा. डोकं दुखणं, भूक जाणं, झोप उडणं हे चालतं, त्या दिवशी आणखी वर जायचं नाही एवढंच. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देत चालायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, तडक खाली उतरवायचं. आणि हो, खरोखरची दारू मनालीसाठी ठेवा. कॅम्पातल्या मित्रमंडळींना हे कोण सांगणार ते तुम्ही बघा.

आता ड्रायव्हरांशी वागायचं कसं. तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते सगळी सहल इथं ठरते.

व्यवहार आधी, लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर तरी. डिझेल कुणाचं, टोल आणि कर कुणाचे, मनालीला सोडल्यावर गाडी रिकामी परत जाईल त्याचे पैसे धरलेत का, रस्ता बंद होऊन एक दिवस वाढला तर त्याचा दर काय. काझाच्या पंपावर टाकी भरून घ्यायची, कुंझुमकडून पुढं मनालीपर्यंत पंप नाही. एटीएम काझात आहे, पण त्याच्या भरवशावर खिसा रिकामा ठेवू नका. आणि एक प्रश्न एजंटला नाही, ड्रायव्हरलाच विचारायचा: ‘भाईजी, रात को आप कहाँ सोते हो?’ बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं, ‘गाडी में सो जाऊँगा जी.’ सप्टेंबरअखेरीस काझात रात्री पाणी गोठायला लागतं. जो माणूस गाडीत कुडकुडत रात्र काढेल, त्याच्या हातात सकाळी तुमचा जीव आहे. त्याची खोली, त्याचं पांघरूण, त्याचं जेवण तुमच्या खोल्यांबरोबरच ठरवा. पैसे लागले तर घाला. होमस्टेमध्ये सगळे चुलीभोवतीच जेवतात, तिथं हा प्रश्नच येत नाही.

पुढच्या सीटवर रोज वेगळ्यानं बसावं. तिथं बसून पेंगायचं नाही आणि पायानं खोटा ब्रेकही मारायचा नाही. आपली बेळगावी हिंदी तिथं चालते, काळजी नको. ‘कहाँ से हो?’ असं पहिल्या तासातच विचारतील. त्यावर ‘कर्नाटक’ म्हणायचं की ‘महाराष्ट्र’, ह्यावर तुमच्या गाडीत रामपूरपर्यंत वाद चालेल. आमच्यात चालला होता. शेवटी आमची एक मैत्रीण म्हणाली, ‘गोवा के ऊपर से,’ आणि त्या पोराला ते लगेच समजलं.

सगळ्यात महत्त्वाचं बोलणं पहिल्याच सकाळी, गाडी सुरू व्हायच्या आधी करा. दोन्ही ड्रायव्हरांना समोर उभं करून सांगा: ‘रस्ता, मौसम, पानी देखकर आप मना करोगे, तो हम नहीं जाएँगे. पैसा नहीं कटेगा.’ हे शेवटचं वाक्य विसरू नका, कारण बरेच चालक ‘चलो’ म्हणतात ते पर्यटक कुरकुर करतील आणि एजंट पैसे कापेल म्हणून. जुलै २०२१ मध्ये सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून दगड कोसळले आणि टेम्पो ट्रॅव्हलरमधले ९ पर्यटक गेले. पुढच्याच महिन्यात, ११ ऑगस्टला, निगुलसरीला दरड आली, एस.टी.सारखी सरकारी बस आणि इतर गाड्या गाडल्या गेल्या, २८ माणसं गेली. दोन्ही पावसाळ्यातलं. तुम्ही सप्टेंबरअखेर निवडलात हे शहाणपणाचं, पण तो डोंगर तोच आहे. वर दगड हलताना दिसला की तिथला ड्रायव्हर न बोलता थांबतो, खिडकीतून मान काढून वर बघतो. त्या वेळी ‘अहो, आपलं बुकिंग आहे पुढं’ असं कुणी म्हणायचं नाही. तुमच्यातले दोघे शाळेत होते, म्हणजे सूचना द्यायची सवय असणार. दहा दिवस ती बेळगावात ठेवून जा.

नाही म्हणायचा हक्क त्याला आणि पैसे मात्र एजंटच्या हातात, असं नको. बक्षिसी शेवटच्या दिवशी, प्रत्येकाच्या हातात, दोघांना सारखी. मी दिवसाला तीनशे ते पाचशे धरते. निघताना इथून कुंद्याचे दोन डबे वेगळे बांधून न्या आणि पहिल्या दिवशीच द्या. शेवटी दिला तर तो निरोपाचा पेढा होतो. पहिल्या दिवशी दिला की नारकंड्याच्या चहाबरोबर सगळे मिळून खाता आणि मग गप्पा सुरू होतात.

राहता राहिलं जाकीट.

मित्राकरवी सांगू नका, फोनवर तर नाहीच. तुम्ही स्वतः मामांच्या घरी जा. ‘गाडी न्यायची नाही असं ठरलं’ इथून सुरुवात केलीत तर त्यांना वाटेल, ह्यांना माझ्या हातावर भरवसा राहिला नाही. पंचवीस वर्षं ओरखडा न काढलेल्या माणसाला हे फार लागतं. म्हणून उंचीचं सांगा, पाण्याचं सांगा. ते ड्रायव्हर आहेत, नाला दुपारी का फुगतो हे तुमच्याआधी त्यांना कळेल. आणि मग विचारा: मामा, पाहुणे म्हणून येता का? दोन गाड्या आहेत, तीन-तीन माणसं, एक जागा रिकामी आहे. सातव्याचा खर्च सहा जणांत वाटला तर तुमच्यासारख्यांना जड नाही, आणि पंचवीस वर्षांत त्यांनी तुम्हाला जिथं जिथं नेलं, तिथं ते गाडीजवळच थांबलेत. गोव्यात तुम्ही समुद्रावर, ते पार्किंगमध्ये. गोकर्णाला तुम्ही देवळात, ते टायर बघत. एकदा त्यांनाही खिडकीतून बाहेर बघू दे.

अट एकच. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आणि ‘मी असतो तर असं काढलं असतं’ हेही तिथल्या पोरांना सांगायचं नाही. हे तुम्हीच त्यांना हसत सांगा, ते हसतील. पण डॉक्टरांकडं त्यांनाही न्या, साठीचे तेही असतील.

कदाचित ते नको म्हणतील. आमच्याकडं ह्या पिढीला फुकटची सीट पचत नाही. मग आग्रहाची एक फेरी करा, दुसरी करू नका. तुम्हाला बेळगाव स्टेशनवर सोडायला आणि परत न्यायला तेच असतील, हे मात्र तेव्हाच ठरवून टाका, रीतसर भाड्यानं. आणि हिक्कीमला ४,४०० मीटरवर पोस्ट ऑफिस आहे, १९८३ पासून. तिथून लोक नातवंडांना पोस्टकार्डं टाकतात. एक मामांच्या पत्त्यावर टाका. रस्ता कसा होता, नाला किती वाजता ओलांडला, तुमच्या ड्रायव्हरनं कुठं गाडी थांबवली, एवढंच लिहा. कार्ड तुमच्यानंतर पोचेल, चालेल.

जाकिटाचे पैसे द्यायला जाऊ नका, अपमान होईल. आंबोलीला डिसेंबरात पहाटे थंडी असतेच, लागेल त्यांना.

– ताई